कानाभोवतीची भिंत

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या दिसतात. चर्च जाऊन देऊळ आलं, पण घंटेचं काम बदललं नाही. आवाज जाईल तितका लांब पाठवायचा, हेच तिचं काम. वसईच्या उत्तरेला, रेल्वेच्या पश्चिमेला समुद्राकडच्या वाड्यांचा जो पट्टा आहे, ज्यात वटार हे गाव येतं, तिथलं सगळं जुनं संगीत याच जातीचं आहे. विहिरीवरच्या रहाटाची करकर पलीकडच्या वाडीत ऐकू जायची. लग्नाचा बँड गावभर कळावा म्हणूनच वाजतो. कादोडी म्हणजे सामवेदी आणि वाडवळी या बोलींतली लग्नगीतं बायका एकत्र बसून म्हणतात, आणि मांडवात बसलेला प्रत्येक जण ती ऐकतो, त्याची इच्छा असो वा नसो. अशा गावात आज गाणारा किंवा गाणं रेकॉर्ड करू पाहणारा तरुण दुकानात जाऊन ‘क्लोज्ड बॅक’ स्टुडिओ हेडफोन मागतो, म्हणजे आवाज बाहेर पडू नये यासाठीच बनवलेली वस्तू मागतो. ही वस्तू आपल्याकडे कोणत्या गरजेतून आली हे कळल्याशिवाय ती नीट निवडता येत नाही, असं माझं म्हणणं आहे. बाजारात तिची परीक्षा बहुतेक वेळा ‘आवाज किती गोड’ या एकाच कसोटीवर होते, आणि तिचा इतिहास पाहिला तर ही कसोटी सगळ्यात शेवटी येते.

माणसाने कानाला यंत्र लावलं ते तीन निरनिराळ्या कारणांनी. पहिलं कारण शक्तीची टंचाई: यंत्रातून येणारा आवाज इतका क्षीण की कानाला चिकटवल्याशिवाय ऐकू येत नाही. दुसरं कारण गोंगाट: भोवतालचा आवाज आत येऊ नये म्हणून कान झाकायचा. तिसरं कारण या दुसऱ्याच्या नेमकं उलट: कानातला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कान झाकायचा. बाहेरून पाहिलं तर तिन्ही वस्तू सारख्याच दिसतात, डोक्यावरून जाणारी पट्टी आणि दोन वाट्या. पण स्टुडिओचा बंद हेडफोन जन्माला आला तो तिसऱ्या कारणापोटी, आणि महाराष्ट्रातल्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला तर हे तिसरं कारण आपल्याकडे फार उशिरा उगवलेलं दिसतं.

सुरुवातीला तर कानाला लावायला काही नव्हतंच. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात गौहर जानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरला. मराठी रंगभूमीवर ज्यांच्या गळ्याची दंतकथा झाली ते भाऊराव कोल्हटकर त्याआधीच, १९०१ मध्ये गेले होते. त्यांचा आवाज कसा होता हे आता कुणीच सांगू शकत नाही. हे तंत्र निव्वळ यांत्रिक होतं. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं, हवेच्या दाबाने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणात खाच कोरायची. मध्ये वीज नव्हती, त्यामुळे चालू ध्वनिमुद्रणावर कान ठेवण्याची सोयही नव्हती. साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं या पद्धतीत फारसं उतरत नसे, म्हणून तानपुऱ्याच्या जवारीचा झणत्कार त्या काळच्या तबकड्यांत जवळजवळ सापडत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या बाबतीत हा फरक एकाच गळ्यावर तपासता येतो. त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, कर्ण्याच्या जमान्यातलं. आणि त्यांच्या ज्या तबकड्यांनी महाराष्ट्र वेडा झाला त्या १९३० च्या दशकातल्या, मायक्रोफोनच्या. १९२५ च्या सुमारास विजेचं ध्वनिमुद्रण आलं तेव्हा आवाजाची आधी वीज झाली आणि मग खाच. विजेचा तो प्रवाह वाटेत वळवून कानाशी आणता येऊ लागला. ध्वनिमुद्रकाच्या डोक्यावर हेडफोन चढला तो इथे. आवाज तबकडीवर जाताना कसा जातोय हे जाणण्यासाठी तो होता, गायकाशी त्याचा काही संबंध नव्हता.

सामान्य माणसाच्या कानाला हेडफोन लागला तो मात्र रेडिओमुळे, आणि त्यामागे पहिलं कारण होतं, शक्तीची टंचाई. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. त्याचा ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा होता आणि त्याची परिणामकारक कक्षा सुमारे ४८ किलोमीटर मानली जाई, म्हणजे वसई-वटारचा पट्टा त्या वर्तुळाच्या अगदी कडेला येतो. त्या काळी स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट: ना बॅटरी, ना विजेची जोडणी, लांब तार आणि गॅलिनाचा खडा. एरियलने हवेतून जेवढी ऊर्जा पकडली तेवढ्यावरच हेडफोनचा पातळ पत्रा थरथरायचा. लाउडस्पीकर हलवण्याइतकी ताकद त्यात नव्हतीच. एकट्याने ऐकणं ही आवड नव्हती, ती यंत्राची मर्यादा होती. व्हॉल्व्हचे सेट आले, परवडू लागले, आणि मराठी घराने हेडफोन तात्काळ टाकून दिला. रेडिओ माजघरात गेला आणि सगळे मिळून ऐकू लागले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या घरांत हेडफोन नव्हता, आणि कुणाला त्याची उणीव भासल्याचं दिसत नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन विक्रीला आला, त्यानंतर तो पुन्हा घरात शिरला, पण तोही हलका, फोमच्या गादीचा, उघडा.

स्टुडिओतही परिस्थिती वेगळी नव्हती, आणि माझ्या मुद्द्याचा खरा पुरावा इथेच आहे. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. त्या काळच्या बोलपटात नट कॅमेऱ्यासमोर गात असताना वादक चौकटीबाहेर बसून साथ करत आणि चित्र-गाणं एकदमच टिपलं जाई. पार्श्वगायन रुळल्यावरही ‘एकत्र’ हा शब्द गळला नाही. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक, मेहबूब स्टुडिओत रॉबिन चॅटर्जी अशी मंडळी रेकॉर्डिस्टच्या खुर्चीवर असत आणि एका गाण्यासाठी साठ-सत्तर वादक एका दालनात बसत. एखादा व्हायोलिनवाला चुकला की गाणं पहिल्यापासून. गायकासाठी काचेची खोली आली ती त्याचा आवाज वाद्यांच्या गजरात बुडू नये म्हणून. पण तो गात असे त्याच क्षणी वादक वाजवत असत आणि दोघे एकमेकांना पाहत असत. पुणे आकाशवाणीचं ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि आठवड्याला एक या हिशेबाने वर्षभराहून थोडं अधिक चाललं. छप्पन्न गाणी, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, निरनिराळे गायक. आठवड्याच्या आत गाणं लिहून, चाल बांधून, बसवून, ध्वनिक्षेपित करायचं हे जमलं ते सगळी मंडळी एकाच ठिकाणी, एकाच श्वासात काम करत होती म्हणून. त्या खोलीत प्रत्येकाच्या कानाला वेगळं काही देण्याची गरजच नव्हती. गायकाला तबला ऐकू येत होता, तबलजीला गायक, आणि तबल्याचा आवाज गायकाच्या माइकमध्ये गेला तर तो दोष नव्हता. त्या गळतीतूनच खोलीचा अंदाज श्रोत्याला लागत होता. जुन्या भावगीतांत जो एकजीवपणा जाणवतो तो केवळ चालीचा नाही, तो एकमेकांच्या माइकमध्ये शिरलेल्या आवाजांचाही आहे.

मग हे तिसरं कारण आलं कुठून? ते आलं ट्रॅकमधून. टेपची पट्टी रुंद करून तिच्यावर शेजारी शेजारी अनेक स्वतंत्र रांगा ठेवता आल्या, तेव्हा ढोलक आज, गिटार उद्या, गायक पुढच्या आठवड्यात असं करता येऊ लागलं. अमेरिकेत लेस पॉलने ही वाट पाडली आणि १९५७ मध्ये ॲम्पेक्सने त्याला आठ ट्रॅकचं यंत्र बनवून दिलं; साठच्या दशकात तिकडे ही पद्धत रुळली. मुंबईत जाहिरातींच्या जिंगल्सपासून सुरुवात करणाऱ्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओंनी ती आणली. ‘कुर्बानी’मधलं, १९८० सालचं ‘आप जैसा कोई’ लंडनमध्ये अशा पद्धतीने तयार झालं आणि त्या आवाजाच्या लख्खपणाने मुंबईच्या धंद्याला धक्का बसला. आता गायक एकटा माइकसमोर उभा आहे. वादक दालनात नाहीत, ते टेपवर आहेत. ती टेप गायकाला ऐकू आलीच पाहिजे, नाहीतर तो गाणार कशावर? आणि ती माइकला मुळीच ऐकू येता कामा नये, कारण मग वेगळे ट्रॅक ठेवण्यात अर्थच उरत नाही. गायकाच्या कानापासून माइक जेमतेम वीतभर लांब. या वीतभर अंतरात भिंत बांधायची होती आणि ती भिंत म्हणजे बंद हेडफोन.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बंद वाट्यांचे हेडफोन याच्या फार आधीपासून होते. नथॅनिएल बाल्डविनने १९१० मध्ये अमेरिकेच्या नौदलाला हेडफोन पुरवले; दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या कानांवर जाड गाद्या होत्या; बर्लिनच्या बायरने १९३७ मध्ये काढलेला ‘डीटी ४८’ हा पहिला डायनॅमिक हेडफोनही बंदच होता, आणि तो नभोवाणीत व श्रवणचाचणीत पुढे कित्येक दशकं टिकला. तेव्हा स्टुडिओतल्या ट्रॅकला त्याचं श्रेय का द्यायचं? माझं उत्तर असं की वाटी जुनी असेल, तिच्याकडून मागितलेलं काम नवं होतं. इंजिनाच्या घरघरीत आज्ञा ऐकायची असेल तर आतला आवाज किंचित बाहेर गळला म्हणून कुणाचं बिघडत नाही. स्टुडिओत बिघडतं, आणि फार बिघडतं. तालाची ‘टिक-टिक’, जिला क्लिक म्हणतात, ती तीक्ष्ण आणि उंच स्वराची असते. गादीच्या एवढ्याशा फटीतून ती बाहेर पडते. गायक जोरात गात असताना ती झाकली जाते. पण दोन ओळींच्या मधल्या शांततेत, आलाप संपून श्वास घेतला जातो त्या जागी, ती उघडी पडते. त्यातून मिक्सिंग करताना कॉम्प्रेसर लावला की मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक आवाज वर येतो, म्हणजे गळलेली टिक-टिकही वर येते. धीम्या लयीच्या, मोकळ्या जागा असलेल्या मराठी भावगीतात हा दोष पाश्चात्त्य रॉकपेक्षा कितीतरी जास्त नडतो. म्हणून स्टुडिओने निवडलेले हेडफोन बघा: १९८५ च्या सुमाराचे सोनीचा ‘एमडीआर व्ही ६’ आणि बायरचा ‘डीटी ७७०’, १९९१ चा सोनी ‘७५०६’, २००७ चा ऑडिओ-टेक्निका ‘एम ५०’. सगळे बहु-ट्रॅकच्या ऐन जमान्यातले आहेत. हे वर्षांचं जुळणं योगायोगाचं मला वाटत नाही.

आणि याच्या विरुद्ध टोकाचा पुरावाही आहे. १९६८ मध्ये सेनहायझरने ‘एचडी ४१४’ काढला, पाठीमागून मोकळा असलेला पहिला हेडफोन. निव्वळ ऐकणाऱ्यासाठी तो घडला होता, आणि त्याने दाखवून दिलं की भिंत काढली की आवाज सुधारतो. कारण सरळ आहे. हेडफोनचा पडदा पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागे टाकतो. वाटी बंद असेल तर मागचा आवाज आतल्या आत आपटून परत येतो, काही स्वर फुगवतो, काही खातो. कारखानदार आत फोम भरतात, छोटं छिद्र ठेवतात, पण पूर्ण सुटका होत नाही. मोकळ्या हेडफोनमध्ये हा मागचा आवाज निघून जातो, म्हणून त्यात वाद्यं अंगावर येत नाहीत, थोडी दूर, आपापल्या जागी वाटतात. तानपुरा ऐकायचा तर मोकळ्या हेडफोनवरच, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. बंद हेडफोनने या बाबतीत तडजोड केली आहे आणि ती जाणीवपूर्वक केली आहे. जो स्वतः रेकॉर्ड करत नाही, ज्याच्या खोलीत रात्री शांतता आहे आणि शेजारी झोपलेल्याला त्रास होणार नाही, त्याने ही तडजोड विकत घेऊ नये. ‘स्टुडिओ’ या शब्दाच्या वजनामुळे पुष्कळ श्रोते ती घेतात, आणि मला हे वाईट वाटतं, कारण त्यांच्या पैशात त्यांच्या कामाची अधिक चांगली वस्तू येते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. बंद हेडफोन म्हणजे एकत्र गाण्या-वाजवण्याचा शेवट, असा सूर माझ्या मांडणीतून निघतो आणि तो अर्धाच खरा आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ चा. अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. आपली मराठी चाल, आपला ठेका, आणि व्हायोलिन-चेलोचा ताफा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. अशा दालनांत डझनावारी वादक एकत्र बसतात, खोलीचा श्वास एकत्र घेतात, आणि तरी प्रत्येकाच्या एका कानावर बंद वाटी असते, जिच्यात क्लिक आणि आधी तयार झालेलं संगीत चालू असतं. दुसरा कान उघडा, शेजाऱ्यासाठी. म्हणजे बंद हेडफोनने माणसं तोडली तशी दूरची माणसं जोडलीही. ग्रामीण भागातल्या कलाकाराच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक ठळक आहे. मुंबईच्या स्टुडिओचे तासाचे दर ज्याला कधीच परवडले नसते तो आज वटारच्या घरातल्या खोलीत, एक माइक, एक इंटरफेस, एक लॅपटॉप आणि एक बंद हेडफोन एवढ्यावर गाणं पुरं करू शकतो. हे स्वातंत्र्य मी कमी लेखत नाही. माझं म्हणणं इतकंच की ते कशाच्या बदल्यात मिळालं याची जाणीव हवी, म्हणजे जिथे ती किंमत मोजायची गरज नाही तिथे आपण ती मोजणार नाही.

एकट्याने ट्रॅकवर ट्रॅक चढवायचे असतील, तर इतिहासातून निघालेली कसोटी अशी लागते. आधी गळती तपासा: हेडफोनवर क्लिक लावा, गाताना असेल तितकी मोठी, दोन्ही वाट्या कानांवर ठेवा आणि माइकसमोर नुसतं गप्प बसून रेकॉर्ड करा. जे ऐकू येईल ते गाण्यात येणार. मग गादीची पकड बघा, कारण बंद हेडफोनचा खर्ज पूर्णपणे त्या पकडीवर अवलंबून असतो. चष्म्याची दांडी, जाड केस, कानातल्या कुड्या किंवा वरच्या पाळीतली बुगडी यांनी गादी जराशी उचलली गेली तरी डग्ग्याचा घुमारा निघून जातो, आणि मग गायक आवाज वाढवतो, गळती वाढते, कानही दुखावतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. रात्र-रात्र बसणाऱ्याने ती लक्षात ठेवावी. मखमली गादी उन्हाळ्यात सुखाची, पण तिच्यातून आवाज गळतो. कृत्रिम चामड्याची गादी अडवते, पण समुद्रकाठच्या दमट हवेत आणि घामात तिचे पापुद्रे निघतात. म्हणून गादी आणि केबल सुट्या मिळतात का, हे मी आवाजाच्या आधी विचारीन. इम्पिडन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडाही बघावा: ‘डीटी ७७०’ ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो, आणि २५० ओहमचा हेडफोन फोनला किंवा लहान इंटरफेसला जोडला तर पुरेसा वाजत नाही. सोनी ‘७५०६’ ६३ ओहमचा, ‘एम ५० एक्स’ ३८ चा. साध्या साधनांवर हे सहज चालतात.

ब्लूटूथचा, भोवतालचा गोंगाट खोडून काढणारा हेडफोनही बंदच असतो, मग वायर कशाला, असं विचारणारे बरेच आहेत. प्रवासात ऐकण्यासाठी तो उत्तम, कारण तो दुसऱ्या कारणाचा वारस आहे. रेकॉर्डिंगला मात्र तो निकामी. त्याच्यातून आवाज कानाशी पोचायला सामान्यतः शंभर ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. म्हणजे गायकाचा स्वतःचा स्वर त्याच्या कानात जवळजवळ अर्धी ते एक मात्रा उशिरा येणार. सम सापडणार कशी?

गायकाच्या कानाचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या परंपरेतला आहे. पोवाडा गाणारा शाहीर, अनेक लोकगायक, एका कानावर हात धरून गातात. गजरात स्वतःचा सूर सापडावा म्हणून कान अर्धा झाकायची ही जुनी युक्ती. दोन्ही कान पूर्ण झाकले की उलटं होतं: हाडांतून आलेला स्वतःचा आवाज डोक्यात कोंडतो, खर्जाने भरतो, आणि सवय नसलेला गायक सूर थोडा खाली किंवा वर लावू लागतो. त्यामुळे कसलेले गायकही एक वाटी कानामागे सरकवतात. रेकॉर्डिस्ट कुरकुरतो, कारण त्या उघड्या वाटीतून क्लिक सरळ माइककडे जाते. यावर उपाय सोपा आहे, त्या बाजूचा आवाज बंद करून टाकायचा. तोही पुरेसा न वाटला तर मात्र त्या गायकाला हेडफोनशिवाय, तानपुरा आणि तबल्यासोबत एका खोलीत बसवावं. ख्याल, नाट्यपद, अभंग यांच्या बाबतीत मी हा मार्ग आधी सुचवीन, कारण तिथे लय गायक आणि तबलजी मिळून ठरवतात. यंत्राच्या टिक-टिकीवर ती बांधली की गाण्याचा कणाच काढून घेतल्यासारखं होतं.

वटारच्या आसपास जे रेकॉर्ड व्हायला हवं त्याबद्दल तर मला ठाम सांगायचं आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, सामवेदी आणि वाडवळी बोलींची नोंद झाली, पण ती कागदावर; त्या पानांवरून उच्चाराचा हेल कळत नाही. या बोली आणि त्यांच्यातली लग्नगीतं आज ज्या बायकांच्या तोंडी आहेत त्या वयस्क आहेत. अशा कामाचा मोठा आदर्श महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचा लाखाच्या घरातला संग्रह उभा केला, आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी गावोगाव जाऊन डिजिटल टेपवर उतरवल्या. त्या ऐकताना कळतं की जात्याची घरघर, एकीने ओवी उचलली की दुसरीचा हुंकार, हे सगळं गाण्याचंच अंग आहे. यात गायिकांना वेगवेगळं करून, कानात ठेका देऊन रेकॉर्ड करणं म्हणजे जे टिपायला गेलो तेच मोडून टाकणं. इथे बंद हेडफोन एकच लागतो आणि तो रेकॉर्डिस्टच्या कानांवर. तोही दुसऱ्या कारणासाठी: समोरच्या बायकांचा थेट आवाज शक्य तितका अडवून, माइकमध्ये नेमकं काय जातंय तेवढंच ऐकायला. उघड्या हेडफोनवर समोरचा आवाज आणि माइकचा आवाज मिसळतात आणि पंख्याची घूं, वाडीतल्या पंपाची मोटर, पदराचा माइकला होणारा स्पर्श हे घरी आल्यावर कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. पंखा बंद करायला सांगायचा, पंप थांबेपर्यंत दहा मिनिटं वाट पाहायची, माइक अर्धा हात पुढे घ्यायचा, हे निर्णय तिथल्या तिथे घ्यायचे असतात. गाणाऱ्या बायकांच्या कानांवर मात्र काहीही ठेवू नये. त्यांनी एकमेकींना ऐकायचं आहे, आणि कोणती ओळ कोणी उचलायची हे त्यांचं त्यांनाच ठरवू द्यायचं आहे.